पेरोव्हस्काइट-सिलिकॉन टँडेम सौरघट: कार्यक्षमता आणि टिकाऊपणा एकत्र कसे वाढवावेत

नुसत्या सिलिकॉनच्या सौरघटाची सैद्धांतिक मर्यादा सुमारे २९.४ टक्के आहे आणि प्रयोगशाळेतील उत्तम घट २७ टक्क्यांच्या पुढे गेलेले आहेत, त्यामुळे त्या वाटेवर आता फारसे अंतर उरलेले नाही. सिलिकॉनच्या माथ्यावर पेरोव्हस्काइटचा, म्हणजे एका विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थाचा, रुंद बँडगॅप (प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) असलेला घट बसवून टँडेम, म्हणजे दुमजली घट बनवला, की निळा-हिरवा प्रकाश वरच्या घटात अधिक व्होल्टेजने वापरला जातो, तांबडा व अवरक्त प्रकाश खाली सिलिकॉनपर्यंत पोहोचतो आणि मर्यादा ४३ ते ४५ टक्क्यांपर्यंत सरकते. चीनच्या लाँगी कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये अशा छोट्या घटासाठी ३४.८५ टक्के कार्यक्षमता प्रमाणित करून घेतली, तर ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने २०२४ मध्ये टँडेम पॅनेलची पहिली व्यापारी खेप रवाना केली.

पुढील मार्गदर्शन अशा संशोधक विद्यार्थ्यांसाठी आहे, ज्यांच्याकडे ग्लोव्हबॉक्स, स्पिन कोटर आणि थर्मल इव्हॅपोरेटर आहे, ज्यांना चालणारा टँडेम घट बनवता येतो, पण ज्यांची कार्यक्षमता एका आकड्यावर अडून बसली आहे किंवा ज्यांचा घट काही दिवसांच्या प्रकाशातच ढासळतो. कार्यक्षमता आणि टिकाऊपणा ही दोन वेगळी कामे आहेत आणि पहिले उरकल्यावर दुसरे हाती घ्यायचे आहे, असे समजून चालू नये. ज्या इंटरफेसवर, म्हणजे दोन थरांच्या सीमेवर, व्होल्टेज गळते, बहुधा त्याच इंटरफेसपासून घट खराब व्हायला सुरुवात होते. उलट, कार्यक्षमता चटकन वाढवणारे काही उपाय टिकाऊपणाच्या मुळावर येतात. म्हणून कोणताही बदल कायम करण्याआधी तो दोन्ही कसोट्यांवर तपासला पाहिजे.

व्होल्टेज कुठे गळते ते आधी शोधा

१.६८ इलेक्ट्रॉनव्होल्ट बँडगॅपच्या पेरोव्हस्काइटकडून तत्त्वतः सुमारे १.४ व्होल्ट ओपन-सर्किट व्होल्टेज (बाहेरचे सर्किट न जोडता मिळणारे) मिळायला हवे. चांगल्या घटांतही ते बहुधा १.२ ते १.३ व्होल्टच्या दरम्यान अडते. ही तूट नेमक्या कोणत्या थरात आहे, हे पूर्ण घटाच्या करंट-व्होल्टेज आलेखावरून कळत नाही, आणि ते न कळताच रसायने बदलत राहण्यात महिने जातात.

त्याऐवजी एकाच द्रावणातून, एकाच दिवशी चार नमुने बनवावेत: नुसत्या काचेवरची पेरोव्हस्काइट फिल्म, होल-वाहक (धन प्रभार वाहून नेणाऱ्या) थरावरची फिल्म, काचेवरची पण वरून फुलरीन सी-६० (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा कार्बनचा रेणू) चढवलेली फिल्म, आणि धातू वगळता संपूर्ण थररचना. या चारही नमुन्यांचे प्रकाशदीपन, म्हणजे फोटोल्युमिनेसन्स (प्रकाश शोषून फिल्मने परत दिलेला प्रकाश), निरपेक्ष एककांत मोजावे. तशी सोय नसेल तर त्याच मांडणीत, त्याच लेझर-तीव्रतेला केलेले सापेक्ष मोजमापही पुरते. सामान्य तापमानाला दीपन दहा पटींनी घटले, की सुमारे ६० मिलिव्होल्ट गेले असा हिशेब धरावा. बहुतेक प्रयोगशाळांत चित्र एकसारखेच दिसते: काचेवरची फिल्म उत्तम असते, चांगला होल-वाहक थर तिला फारसे बिघडवत नाही, पण सी-६० चढताच दीपन दहा ते पन्नास पटींनी मंदावते, म्हणजे साठ ते शंभर मिलिव्होल्ट त्या एका थराने खाल्लेले असतात.

येथे एक गैरसमज फार रुळलेला आहे. दीपन मंदावले म्हणजे इलेक्ट्रॉन छान वाहून नेले जात आहेत, असा अर्थ अनेक प्रबंधांत लावलेला आढळतो. परंतु बाहेरचे सर्किट जोडलेलेच नसते, तेव्हा स्थिर प्रकाशात इलेक्ट्रॉनांना जायला जागा नसते. अशा स्थितीत दीपन कमी होणे म्हणजे इंटरफेसवर इलेक्ट्रॉन आणि होल यांचा प्रकाश न देता होणारा पुनःसंयोग, निव्वळ तोटा. हा फरक मनात पक्का नसेल, तर सर्वांत वाईट इंटरफेस सर्वांत चांगला म्हणून निवडला जाण्याची शक्यता असते.

बँडगॅप आणि करंटचा मेळ

दोन टर्मिनलांच्या टँडेममध्ये दोन्ही घट एकसर जोडणीत असतात. बैलजोडीतला मंद बैल गाडीचा वेग ठरवतो, तसा कमी करंट देणारा घट संपूर्ण घटाचा करंट ठरवतो. प्रमाणित सौरवर्णपटाखाली दोघांत मिळून प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ४० मिलिअँपिअर वाटून घ्यायचे असतात, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला २० च्या आसपास यावेत. वरचा घट कमी पडत असेल तर फिल्मची जाडी वाढवावी किंवा बँडगॅप थोडा उतरवावा; खालचा कमी पडत असेल तर आधी परावर्तन आणि वरच्या पारदर्शक थरांतील शोषण तपासावे, मगच पेरोव्हस्काइटला हात लावावा.

मेळ बसला की नाही, हे फिल फॅक्टर (करंट-व्होल्टेज आलेख किती चौकोनी आहे, हे सांगणारा आकडा) पाहून ठरवू नये. करंट जुळले नसतील तर फिल फॅक्टर उलट वाढलेला दिसतो, त्यामुळे ८२ टक्क्यांचा आकडा पाहून हुरळून जाण्याआधी दोन्ही उपघटांच्या क्वांटम कार्यक्षमतेचे (प्रत्येक तरंगलांबीच्या प्रकाशकणांपैकी किती करंटमध्ये बदलतात, याचे) आलेख स्वतंत्रपणे मोजून त्यांचे एकूण करंट काढावेत.

हे मोजमापही सरळ नाही. वरचा घट मोजताना खालच्या सिलिकॉनला अवरक्त प्रकाशाने भरपूर करंट पुरवावा लागतो, खालचा मोजताना वरच्याला निळ्या प्रकाशाने, आणि दोन्ही वेळी दुसऱ्या उपघटाच्या व्होल्टेजइतके बाह्य व्होल्टेज लावावे लागते. हे व्होल्टेज विसरले, की मोजला जाणारा उपघट नकळत उलट्या व्होल्टेजवर जातो, आणि त्यात गळती असेल तर आलेखात नको त्या तरंगलांबीला प्रतिसाद उमटतो.

प्रयोगशाळेच्या २५ अंश सेल्सिअसला दोन टर्मिनलांच्या घटासाठी १.६८ इलेक्ट्रॉनव्होल्ट हा बँडगॅप रूढ झाला आहे, पण छतावर २५ अंश नसतात. तापमान वाढले की सिलिकॉनचा बँडगॅप आकसतो आणि पेरोव्हस्काइटचा किंचित रुंदावतो. परिणामी तापलेल्या पॅनेलमध्ये खालच्या घटाचे करंट वाढते आणि वरचा मागे पडतो. विदर्भात मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर असते आणि पॅनेल त्याहून वीस-पंचवीस अंश अधिक तापते. अशा हवामानासाठी बँडगॅप १.६८ पेक्षा थोडा कमी ठेवणे श्रेयस्कर, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा दुसरा लाभ असा की बँडगॅप उतरवला म्हणजे ब्रोमाइड कमी लागते, आणि ब्रोमाइड जितके कमी तितके प्रकाशाखाली आयोडाइड आणि ब्रोमाइड वेगवेगळे होण्याचे प्रमाण कमी. २०१५ मध्ये नोंदवला गेलेला हा होक परिणाम रुंद बँडगॅपच्या पेरोव्हस्काइटची जुनी डोकेदुखी आहे: आयोडाइडचे साचलेले कण कमी बँडगॅपचे खड्डे तयार करतात, वाहक त्यांत जाऊन पडतात आणि व्होल्टेज उतरते.

करंट जुळवण्याची ही कटकटच नको असेल, तर दोन्ही घटांची जोडणी वेगळी ठेवणारी चार टर्मिनलांची रचना उपलब्ध आहे. पवईच्या आयआयटी मुंबईतील राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन व शिक्षण केंद्रात या रचनेवर बरेच काम झाले आहे. तीत पारदर्शक विद्युतवाहक थर जास्त लागतात आणि प्रत्येक थर थोडा प्रकाश गिळतो, हा तिचा तोटा. पुढील विवेचन दोन टर्मिनलांपुरते आहे.

फिल्म: घटक, जाडी आणि पावसाळा

मिथिलअमोनियम उष्णतेने उडून जाते, म्हणून जिथे ८५ अंशांची चाचणी द्यायची आहे तिथे सिझिअम आणि फॉर्मामिडिनियम यांच्या मिश्रणावर भर द्यावा. सिझिअमचे प्रमाण वाढवले की तेवढ्याच बँडगॅपसाठी ब्रोमाइड कमी लागते. २० टक्क्यांच्या आसपास सिझिअम हा सुरुवातीला चांगला मुक्काम आहे. फार वाढवल्यास सिझिअमचे वेगळे स्फटिक तयार होऊ लागतात, तेव्हा क्ष-किरण विवर्तनाचा आलेख प्रत्येक नव्या मिश्रणासाठी घ्यावा.

लेड आयोडाइड थोडे जास्त टाकल्याने कणसीमांवरील दोष झाकले जातात आणि कार्यक्षमता वाढते, ही युक्ती सर्वांना ठाऊक आहे. मात्र तेच उरलेले लेड आयोडाइड प्रकाशात विघटित होऊन धातुरूप शिसे आणि आयोडीन तयार करते. पहिल्या दिवशी एक टक्का मिळवून देणारी आणि महिन्याभरात तीन टक्के गमावणारी ही देवघेव आहे. शक्य तितके नेमके प्रमाण ठेवून दोष झाकण्याचे काम पृष्ठभागावरील उपचाराकडे सोपवणे मला अधिक योग्य वाटते.

फिल्म कशी चढवायची, हे खालच्या सिलिकॉनच्या पृष्ठभागावर ठरते. औद्योगिक वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) परावर्तन कमी करण्यासाठी कोरलेले पिरॅमिड काही मायक्रॉन उंच असतात आणि अर्ध्या-एक मायक्रॉनची द्रावणातून चढवलेली फिल्म त्यांची टोके झाकू शकत नाही; टोक उघडे राहिले की तिथे शॉर्ट सर्किट ठरलेले. यावर दोन मार्ग आहेत. पिरॅमिड एक मायक्रॉनहून लहान असलेला वेफर घेऊन डीएमएफ आणि डीएमएसओ या द्रावकांच्या चारास एक मिश्रणातून स्पिन कोटिंग करावे, किंवा लेड आयोडाइड आणि सिझिअमचे लवण निर्वातात बाष्परूपाने चढवून त्यावर सेंद्रिय लवणांचे अल्कोहोलमधील द्रावण टाकावे. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१८ मध्ये पूर्ण पिरॅमिडी पोताच्या सिलिकॉनवर २५.२ टक्के मिळवले, ते या दुसऱ्या मार्गानेच. मोठ्या क्षेत्रफळाकडे जायचे असेल, तर स्पिन कोटिंगवर प्रभुत्व मिळवण्यात फार काळ घालवू नये.

दुसऱ्या मार्गात फिल्मला सुमारे १५० अंशांवर, बहुधा नियंत्रित आर्द्रतेच्या हवेत भाजतात, आणि इथे आपल्याकडचा पावसाळा आडवा येतो. किनारपट्टीवर जुलैमध्ये सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. ग्लोव्हबॉक्सबाहेर उघडलेली आयसोप्रोपेनॉलची बाटली पाणी शोषते, सेंद्रिय लवणे ओलसर होतात, आणि एप्रिलमध्ये उत्तम जमणारी कृती जुलैमध्ये धूसर फिल्म देऊ लागते. हॉटप्लेटजवळ आर्द्रतामापक ठेवून प्रत्येक खेपेचा आकडा वहीत लिहावा, भाजण्यासाठी कोरड्या हवेचा छोटा बंद कप्पा करावा आणि अल्कोहोल आण्विक चाळणीच्या मण्यांवर साठवावे. शिशाची संयुगे आणि डीएमएफ दोन्ही घातक आहेत; हातमोजे, फ्यूम हूड आणि शिसेयुक्त कचऱ्याचा वेगळा डबा यांत कसलीही सवलत घेऊ नये.

दोन इंटरफेस

होल-वाहक बाजूचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. कार्बाझोल आणि फॉस्फोनिक आम्ल असलेले, स्वतःहून पृष्ठभागावर जुळणारे रेणू, ज्यांना प्रयोगशाळेत सॅम म्हणतात, जेमतेम एका रेणूच्या जाडीचा थर देतात. बर्लिनची हेल्महोल्ट्झ संस्था आणि लिथुएनियातील कौनास तंत्रविद्यापीठ यांनी मी-४पॅक्झ हा रेणू वापरून २०२० मध्ये २९.१५ टक्क्यांचा टँडेम घट दाखवला. कृती साधी आहे: इथेनॉलमध्ये लिटरला एक मिलिमोल इतके विरल द्रावण करावे, अल्ट्रासॉनिक पात्रात विरघळवावे, ताज्या यूव्ही-ओझोन दिलेल्या इंडियम टिन ऑक्साइडवर चढवावे आणि १०० अंशांवर दहा मिनिटे भाजावे. ओझोननंतर नमुना तासभर पडून राहिला, तर पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गट झाकले जातात आणि रेणू नीट चिकटत नाहीत. या रेणूवर पेरोव्हस्काइटचे द्रावण नीट पसरत नाही, थेंब आकसून मध्येच उघडी भोके राहतात. अशा वेळी मेथॉक्सी गट असलेला दुसरा सॅम थोडा मिसळावा किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे नॅनोकण विरळ पसरावेत.

खरी मेहनत सी-६० च्या बाजूला आहे. फुलरीन पेरोव्हस्काइटला थेट टेकले की इंटरफेसवर पुनःसंयोगाला वाट मिळते, म्हणून त्यांच्यामध्ये अतिशय पातळ काहीतरी घालावे लागते. सुमारे एक नॅनोमीटर लिथियम फ्लोराइड हा सर्वांत सोपा उपाय आहे आणि व्होल्टेज लगेच वाढवतो. पण लिथियमचे आयन लहान असतात, उष्णतेने सरकतात, आणि दीर्घ चाचणीत हा थर विश्वासाचा ठरत नाही. मॅग्नेशियम फ्लोराइड त्यापेक्षा बरा. फिनेथिलअमोनियमसारखे मोठे सेंद्रिय आयन पृष्ठभागावर द्विमितीय पेरोव्हस्काइट तयार करतात. उष्णता आणि प्रकाश एकत्र आल्यावर तेही आत झिरपतात. हेल्महोल्ट्झ संस्थेच्या ३२.५ टक्क्यांच्या घटात पायपेरॅझिनियम आयोडाइड वापरले होते. अशा दोन अमोनियम गटांच्या रेणूंपासून, म्हणजे पायपेरॅझिनियम किंवा इथिलीनडायअमोनियमच्या लवणांपासून, सुरुवात करण्याचा सल्ला मी देईन, कारण त्यांनी व्होल्टेज वाढते आणि ते पृष्ठभागाला अधिक घट्ट धरून राहतात.

पॅसिव्हेशनचे, म्हणजे पृष्ठभागावरील दोष झाकण्याचे, द्रावण अतिशय विरल ठेवावे. जास्त झाल्यास इन्सुलेटर थर बनतो, व्होल्टेज वाढते आणि फिल फॅक्टर पडतो. प्रत्येक नव्या रेणूचा निवाडा दोन आकड्यांवर करावा: उपचारानंतर सी-६० सहित दीपन किती वाढले, आणि तोच नमुना नायट्रोजनमध्ये ८५ अंशांवर, प्रकाशाखाली शंभर तास ठेवल्यावर त्यापैकी किती उरले. दुसरा आकडा न घेता एखादा रेणू निवडणे, म्हणजे निम्मे उत्तर पाहून पेपर मिटणे होय.

सी-६० चा थर १५ ते २० नॅनोमीटर पुरतो; त्याहून जाड केल्यास तो निळा प्रकाश गिळतो. त्यावर अणुस्तर निक्षेपणाने, शंभर अंशांच्या आत, सुमारे २० नॅनोमीटर टिन ऑक्साइड चढवावा. हा थर तीन कामे करतो: वरून होणाऱ्या स्पटरिंगचा मारा झेलतो, बाहेरचा ओलावा अडवतो आणि आतून निघणारे आयोडीन चांदीच्या जाळीपर्यंत पोहोचू देत नाही. सी-६० आणि टिन ऑक्साइड यांची पकड मात्र दुबळी असते. तापमानचक्राच्या चाचणीनंतर घट सोलला गेल्यास पहिला संशय तिथेच घ्यावा. वरच्या पारदर्शक थरासाठी इंडियम झिंक ऑक्साइड कमी शक्तीवर स्पटर करावा आणि सर्वांत वर मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे १०० नॅनोमीटर परावर्तनरोधी थर द्यावा.

टिकाऊपणाची चाचणी

पूर्ण घटाला एलईडीखाली ठेवून दर सेकंदाला महत्तम शक्तिबिंदू (जिथे घट सर्वाधिक शक्ती देतो ते व्होल्टेज) पकडणे, ही चाचणीची सर्वमान्य पद्धत आहे. टँडेमच्या बाबतीत तीत एक खोच आहे. साध्या पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात अवरक्त भाग जवळजवळ नसतो, त्यामुळे खालचे सिलिकॉन उपाशी राहते, संपूर्ण घटाचे करंट तेच अडवते, आणि वरचे पेरोव्हस्काइट प्रत्यक्षात ओपन-सर्किटच्या जवळ काम करते. वाहक आत साचून राहतात, हॅलाइडांचे पृथक्करण वाढते, आणि निष्कर्ष निघतो की पेरोव्हस्काइट खराब आहे, जेव्हा दोष दिव्याचा असतो. पांढऱ्या एलईडीसोबत अवरक्त एलईडी लावून दोन्ही उपघटांना सूर्याखाली मिळते तेवढेच करंट मिळते की नाही, हे चाचणी सुरू करण्याआधी तपासावे.

याचीच दुसरी बाजू: सूर्याखालीही घट मुद्दाम थोडा सिलिकॉन-मर्यादित बनवला असेल, तर पेरोव्हस्काइटचे करंट घसरायला लागले तरी सुरुवातीला एकूण करंट हलत नाही. आलेख सपाट दिसतो, आणि एके दिवशी एकदम उतरतो. म्हणून चाचणीच्या दरम्यान ठरावीक अंतराने क्वांटम कार्यक्षमता किंवा दीपन मोजून उपघटांची प्रकृती वेगवेगळी पाहावी.

चाचण्यांची नावे आणि अटी सौरघटांच्या टिकाऊपणाच्या चाचण्यांवरील २०२० च्या आयसॉस सहमतीपत्रात ठरवून दिलेल्या आहेत. नोंदी त्याच भाषेत ठेवल्या तर इतरांच्या आकड्यांशी तुलना करता येते. वेळ आणि जागा कमी असेल, तर माझा क्रम असा राहील: प्रथम प्रकाश आणि ८५ अंश एकत्र, ओपन-सर्किट अवस्थेत, कारण ही सर्वांत निष्ठुर परीक्षा असून कच्चे घट त्वरित गाळते, त्यानंतर प्रकाश-अंधाराची चक्रे, कारण अंधारात आयन परत फिरतात आणि काही घट रात्रीत सावरतात, तर काहींना ही ये-जाच अधिक बाधते, आणि शेवटी आवरण चढवलेल्या घटाला आयईसी ६१२१५ या सौर पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय मानकातील ८५ अंश व ८५ टक्के आर्द्रतेचे एक हजार तास आणि उणे ४० ते ८५ अंशांची दोनशे चक्रे. नुसत्या अंधारात, नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या घटाचे 'हजार तास टिकला' हे वाक्य मात्र अहवालात लिहू नये. त्यातून काहीच कळत नाही.

सावलीचा प्रश्नही आहे. पॅनेलच्या एका घटावर सावली पडली, की त्यावर उलटे व्होल्टेज येते, आणि एकटे पेरोव्हस्काइट काही व्होल्टमध्येच कायमचे बिघडते. टँडेममध्ये सिलिकॉन हे उलटे व्होल्टेज बऱ्याच अंशी स्वतःवर घेते, परंतु सिलिकॉनमध्ये गळती नसेल तरच. म्हणून खालच्या घटांची निवड करताना त्यांचा उलट्या दिशेचा आलेखही पाहावा.

आवरण

आवरणाशिवाय घेतलेल्या चाचण्या रसायन समजण्यासाठी ठीक आहेत, पण पुढे काच-काच रचना आणि कडेला ब्युटाइल रबराची सील हाच मार्ग आहे. सिलिकॉन पॅनेलमध्ये काचेला चिकटवणारा नेहमीचा ईव्हीए प्लास्टिकचा थर टाळावा, कारण त्याला साधारण १५० अंशांचे लॅमिनेशन लागते आणि ओलाव्याने त्यातून ॲसिटिक आम्ल सुटते. पॉलिओलेफिनचे कमी तापमानाचे प्रकार अधिक मानवतात. कडेच्या सीलची रुंदी एक सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवू नये, आणि विजेच्या पट्ट्या जिथून बाहेर येतात तिथे दुहेरी सील द्यावी, कारण पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरते. आवरण चढवण्याआधी आणि नंतर घटाचे करंट-व्होल्टेज मोजावे. लॅमिनेशनमध्येच दोन टक्के गेले असतील, तर ते पुढे हवामानाच्या खात्यावर लिहिले जाऊ नयेत.

निकाल नोंदवताना सर्वोत्तम घटासोबत त्या खेपेतील सर्व घटांची सरासरी आणि विखुरण द्यावी, क्षेत्रफळ मास्क लावून मोजावे, आणि दोन्ही दिशांनी घेतलेल्या आलेखांऐवजी पाच मिनिटांचे स्थिर महत्तम शक्तिबिंदूचे मूल्य प्रमाण मानावे. छोट्या घटातून मोठ्याकडे जाताना काय गमवावे लागते, याचा अंदाज लाँगीच्याच आकड्यांवरून येतो: छोट्या घटाला ३४.८५ टक्के, तर २६०.९ चौरस सेंटिमीटरच्या घटाला ३३ टक्के. हा फरक मुख्यतः वरच्या पारदर्शक थराच्या रोधातून, चांदीच्या जाळीच्या सावलीतून आणि फिल्ममधील भोकांतून येतो, तेव्हा एक चौरस सेंटिमीटरवर जमलेली कृती शक्य तितक्या लवकर मोठ्या वेफरच्या तुकड्यावर नेऊन पाहावी.